इतवारीची वही आणि वहीबाहेरची माणसं

नागपूरच्या इतवारीत वहीला मान आहे. दिवाळीआधी मुहूर्त गाठून लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या घेणारे व्यापारी इथे अजून आहेत. हिशेब केव्हाच संगणकावर गेला, तरी लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडतात ती वहीच. किराणा ओळीत हळदीचं एक पोतं ट्रकमधून उतरून गोदामात जाईपर्यंत किती ठिकाणी नोंदलं जातं, हे एकदा कडेला उभं राहून मोजावं. वाहतूकदाराची बिल्टी, वजनकाट्याची चिठ्ठी, दलालाची डायरी, व्यापाऱ्याचं जीएसटी बिल, गोदामाचं आवक रजिस्टर. पाच नोंदी झाल्या. आता ते पोतं ज्याच्या पाठीवरून गेलं, त्याचं नाव या पाचांत कुठे आहे? बहुतेकदा कुठेच नसतं. असलाच तर 'हमाली' एवढा एक शब्द असतो आणि त्याच्यापुढे रक्कम.

परक्या मुलखातून आलेल्या मजुराचं संरक्षण कसं करायचं, यावर जगात परिषदा भरतात, करार होतात, कायदे होतात. इतवारीच्या गल्ल्यांतून हिंडताना मला मात्र वाटत राहतं की हा सगळा पसारा अखेर एका साध्या प्रश्नावर येऊन थांबतो. या माणसाचं नाव कोणाच्या वहीत आहे?

ही माणसं येतात कुठून, ते इतवारी स्टेशनवर कळतं. नागपूरचं मोठं स्टेशन मध्य रेल्वेचं. त्याच शहरातलं इतवारी स्टेशन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं आहे, आणि त्या रेल्वेचं मुख्यालय बिलासपूरला. म्हणजे महाराष्ट्राच्या उपराजधानीतल्या या फलाटाच्या कारभाराचं वरचं टोक छत्तीसगडमध्ये आहे. कोरब्याहून सुटणारी शिवनाथ एक्स्प्रेस इथे येऊन संपते, बिलासपूरची इंटरसिटीही इथेच संपते. साध्या डब्यांतून उतरणाऱ्यांच्या डोक्यावर गाठोडी, हातात प्लास्टिकच्या डब्यातला तांदूळ, बाईच्या कडेवर पोर. 'कोन गाव?' असं विचारलं तर राजनांदगाव, डोंगरगड, बालाघाट, कधी दुर्ग. 'कशाला आले?' याला छत्तीसगडीत ठरलेलं उत्तर आहे : खाये-कमाये बर. खायला-कमवायला. स्थलांतर हा शब्द आपला आणि सरकारचा, त्यांचा नव्हे.

या रस्त्याचं वयही पाहायला हवं. नागपूर ते राजनांदगाव ही मीटरगेज लाइन १८८२ साली पुरी झाली. छत्तीसगडचा तांदूळ-गहू नागपूरमार्गे मुंबईकडे न्यायचा, हा तिचा हेतू. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. धान्य ज्या रुळांवरून आलं, त्याच रुळांवरून माणसंही आली. त्याच्या पाच वर्षं आधी, १ जानेवारी १८७७ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती. गिरणीला हात हवे होते आणि एकपिकी भातशेतीच्या मुलखातले हात पीक निघाल्यावर रिकामे असत.

तेव्हा ही माणसं कोणतीही सीमा ओलांडत नव्हती. नागपूर, छत्तीसगड, बालाघाट, छिंदवाडा, सगळं एकाच मध्य प्रांतात आणि प्रांताची राजधानी नागपूरच. राजनांदगाव हे संस्थान होतं खरं, पण मजुराच्या पायाला ते जाणवत नसे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिलं. १९६० साली महाराष्ट्र झाला, २००० साली छत्तीसगड वेगळं झालं. डोंगरगडच्या एखाद्या घरातले आजोबा नागपूरला आले ते आपल्याच प्रांताच्या राजधानीत. त्यांचा नातू त्याच रुळांवरून येतो तो आंतरराज्य स्थलांतरित कामगार होऊन. मजूर जुना आहे, सीमा नवी आहे.

सीमेची गंमत अशी की ती भाषेलाही जुमानत नाही. पांढुर्णा नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर. तिथला मजूर घरी मराठी बोलतो, पोळ्याला बैल सजवतो, पण पांढुर्णा मध्य प्रदेशात असल्यामुळे कागदावर तो परप्रांतीय. उलट गडचिरोलीच्या टोकाला सिरोंचा आहे, नागपूरपासून त्याच्या तिपटीहून लांब. तिथे घरोघरी तेलुगू ऐकू येतं. तो मजूर मात्र 'आपला'. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूरच्या फडावर गेला तर आंतरराज्य कायदा त्याच्याकडे पाहत नसे, बेळगावला गेला तर पाहत असे. कोयता तोच आणि मुकादमाची उचलही तीच.

हा कायदा १९७९चा, आता रद्द झालेला. ओडिशातून ठेकेदारांकडून नेल्या जाणाऱ्या, तिकडे 'दादन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मजुरांच्या हालांतून तो जन्मला. वाचायला बसलं तर आजही थक्क व्हायला होतं, इतका तो कनवाळू होता. पाच किंवा जास्त आंतरराज्य मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागे. मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं आणि त्यात काम, मजुरी, उचल, सगळं लिहायचं. भरती झाल्यापासून १५ दिवसांत त्याचा तपशील दोन्ही राज्यांना कळवायचा. गाव सोडल्याबद्दल महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये, यांतलं जे जास्त असेल ते विस्थापन भत्ता म्हणून, परत न घेण्याच्या बोलीवर. शिवाय प्रवासखर्च, प्रवासाच्या दिवसांची मजुरी, राहायला जागा, औषधपाणी.

हे पासबुक कोणी पाहिलंय का, म्हणून मी इतवारी-लकडगंजच्या बाजूला बऱ्याच जणांना विचारलं. बँकेचं पासबुक काढून दाखवणारे भेटले.

का, याचं उत्तर कायद्याच्या पहिल्याच अटीत होतं. मजूर ठेकेदारामार्फत आलेला असायला हवा होता. इतवारीत येणारा बहुधा आपला आपण येतो. गावचा एक जण इथे असतो, तो फोन करतो, हा गाडीत बसतो आणि सकाळी ठिय्यावर उभा राहतो. ठिय्या म्हणजे नागपुरी बोलीतला मजूर-बाजार. चौकाच्या कडेला टोपलं-फावडं घेऊन मिस्त्री, कुली आणि रेजा उभे राहतात. (रेजा म्हणजे बांधकामावरची बाई. हा शब्द पुण्यात कोणाला कळत नाही, नागपुरात सगळ्यांना कळतो.) मोटरसायकलवरून कोणीतरी येतो, दोन बोटं दाखवतो, भाव ठरतो आणि दोघं मागे बसून निघून जातात. इथे ठेकेदार कोण आणि भरती कोणती? १५ दिवसांत कोणी कोणाला काय कळवायचं?

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला. महाराष्ट्रात बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, तो कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो आणि नोंदलेल्या मजुराला त्यातून मुलांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंत मदत मिळू शकते. पैसा आहे, योजना आहेत. अट एकच, गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला आणायचा. ठिय्यावरच्या माणसाने ९० दिवस काम केलेलं असतं, कधी दीडशेही. पण ते चाळीस मालकांकडे दोन-दोन, तीन-तीन दिवस करून. त्या चाळिसांपैकी दाखल्यावर सही कोण करणार? ज्याच्या घराचा स्लॅब टाकून झाला, त्याला तो मजूर दुसऱ्या दिवशी ओळखतही नाही. स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडूनही दाखला मिळण्याची सोय आहे, पण त्या खिडकीपर्यंत जायचं म्हणजे एक दिवसाचा खाडा.

हमालांची गोष्ट निराळी, आणि महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी. १९६९चा माथाडी कायदा देशात त्या काळी एकमेव होता. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांत माथाडींना एकत्र केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली. अशा रेट्यातून सरकारला ओझं वाहणाऱ्या माणसाकडे पाहावं लागलं. कायद्याची युक्ती सोपी पण विलक्षण आहे. हमालाला एक मालक नसतो, दिवसभरात दहा दुकानांचा माल तो उचलतो. मग मालक शोधत बसण्यापेक्षा मधे एक मंडळच उभं करायचं. व्यापारी मंडळाकडे नोंदणार, हमाल टोळीने मंडळाकडे नोंदणार. व्यापारी मजुरी अधिक लेव्ही मंडळात भरणार, मंडळ हमालाला मजुरी देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, दवाखाना सांभाळणार. ठिय्यावरच्या मजुराचा चाळीस मालकांचा तिढा हमालांपुरता या कायद्याने १९६९ सालीच सोडवला होता. मला तर वाटतं, ज्यांना कोणाला 'अॅपवर' काम करणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांसाठी कायदा करायचा असेल, त्यांनी आधी माथाडी मंडळाची लेव्ही समजून घ्यावी.

पण टोळीचं दार अरुंद असतं. टोळीतली जागा बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जाते, आणि त्यात नवल नाही. एवढ्या लढ्यातून मिळालेली वस्तू माणूस घट्टच धरून ठेवणार. कालच्या गाडीने आलेल्या बालाघाटच्या पोराला मात्र तिथे प्रवेश नसतो. तो टोळीबाहेर राहतो. हातठेला ओढतो, गोदाम झाडतो, टोळीतल्या कोणाच्या जागी बदलीवर उभा राहतो आणि संध्याकाळी रोकड घेतो. पोतं सारखंच जड असतं. एकाच फळीवरून चढणाऱ्या दोन हमालांपैकी एकाचा फंड कापला जातो, दुसऱ्याचा कापला जात नाही. न कापलेला पहिले सहा महिने स्वतःला हुशार समजतो.

पलीकडे सराफा ओळीत गेलं की वेगळंच जग. खालच्या मजल्यावर काच, दिवे आणि कंगणं. वरच्या माळ्यावर बंगाली कारागीर. सोनारकामातले हे कारागीर पश्चिम बंगालच्या हुगळी, हावडा, मेदिनीपूर या पट्ट्यातून भारतभर गेलेत. इतवारीचा नाजूक दागिना घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. छोट्या खोलीत चार-पाच जण मांडी घालून, पुढे लाकडी पाट, गॅसची फुंकणी, तेजाबाचा वास. शेठ सोनं देतो ते मिलिग्रॅमपर्यंत तोलून आणि चिठ्ठीवर लिहून. दागिना परत येतो तोही तोलून. मधे जी तूट येते ती 'घट', आणि घट किती चालेल हे आधीच ठरलेलं असतं. खोलीची धूळसुद्धा फुकट जात नाही. सोनारांच्या पेठेतली माती-गाळ धुऊन त्यातून कण वेचणाऱ्या झारेकऱ्यांना ती विकली जाते. सोन्याचा कण हरवू नये म्हणून एवढी व्यवस्था, आणि खोलीतला सतरा-अठराचा पोरगा कोणत्या गावचा आहे, त्याचा रोज किती, तेजाबाने हात भाजला तर दवाखान्याचं कोण भरणार, याची चिठ्ठी नाही. मालक तरी कोण? शेठ म्हणतो, मी काम दिलं ते मुख्य कारागिराला. मुख्य कारागीर म्हणतो, ही तर माझ्या गावची पोरं, शिकायला आलीत.

या कारागिरांच्या डोक्यावर अलीकडे आणखी एक टांगती तलवार आली. २०२५च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून बांगलादेशी समजून सीमेपलीकडे पाठवलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना परत आणण्याची वेळ सरकारवर आली. बंगाली बोलणाऱ्या भारतीयाला आता गावच्या मतदार यादीतलं नाव, आधार, शाळेचा दाखला असं सगळं पिशवीत घेऊन हिंडावंसं वाटतं. कामाच्या वहीत नाव नाही आणि भलत्याच यादीत मात्र आहे, असा हा प्रकार.

आणि मग २०२०. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. नागपूर देशाच्या मधोमध, काश्मीर-कन्याकुमारी आणि मुंबई-कोलकाता या दोन्ही महामार्गांच्या फुलीवर. त्यामुळे हैदराबादकडून उत्तरेला आणि मुंबई-पुण्याकडून पूर्वेला चालत निघालेला प्रत्येक जण नागपूरला येऊन गेला असं वाटावं, अशी ती गर्दी होती. पांजरी नाक्यावर लोकांनी जेवणं वाटली, चपला वाटल्या. ८ मेच्या पहाटे इकडे तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली ती माणसं, मध्य प्रदेशच्या शहडोल आणि उमरिया भागातली, भुसावळला गाडी मिळेल या आशेने चालत निघालेली.

१ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुटल्या. ४,६०० हून अधिक गाड्यांतून ६३ लाखांवर माणसं गावी गेली. या गाड्यांच्या एका बाबीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. त्यांत बसायचं तर आधी यादी लागे. जिल्हा प्रशासन नाव, गाव, फोन लिहून घेई, दोन्ही राज्यं ती यादी तपासत आणि मग गाडी हले. १९७९च्या कायद्याला जे चाळीस वर्षांत जमलं नव्हतं, ते काही आठवड्यांत तलाठ्यांनी आणि पोलिसांनी वहीवर उतरवलं. फक्त दिशा उलटी होती. मजूर येताना लिहायचं, ते तो जाताना लिहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राने संसदेत सांगितलं की १ कोटी ४ लाखांहून अधिक स्थलांतरित आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती मेले, याची नोंद ठेवलेली नाही, हेही त्याच अधिवेशनात सांगितलं गेलं.

त्यानंतर नोंदींची लाटच आली. ऑगस्ट २०२१मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं आणि त्यावर आज ३० कोटींहून अधिक असंघटित कामगार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१च्या निकालात 'एक देश, एक रेशनकार्ड' सगळ्या राज्यांनी महिनाभरात लागू करावं, असं बजावलं. या सगळ्यात मला खरोखर उपयोगी वाटते ती रेशनची सोय. राजनांदगावच्या कार्डावर इतवारीच्या दुकानात अंगठा लावून गहू-तांदूळ मिळतो, आणि अर्धा वाटा गावी बायकोने उचलला तरी उरलेला इथे उचलता येतो. छत्तीसगडच्या माणसाला महाराष्ट्रात मिळणारा गहू नको असतो, तांदूळ हवा असतो, ही तक्रार तेवढी राहते.

२१ नोव्हेंबर २०२५ला चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७९चा कायदा इतिहासजमा झाला. चारांपैकी एका संहितेने ठेकेदाराची जुनी अट ढिली केली. आपला आपण आलेला मजूरही आता आंतरराज्य स्थलांतरित ठरतो, मात्र मजुरी महिना १८,००० रुपयांपर्यंत हवी. गावी जाण्या-येण्याचं भाडं आणि मदतीसाठी मोफत फोन क्रमांक यांची तरतूद आहे. पण पाच मजुरांची मर्यादा दहावर गेली आणि विस्थापन भत्ता गळला. दहाची मर्यादा कागदावर बारीक दिसते. इतवारीच्या ओळींमधली किती दुकानं दहा आंतरराज्य मजूर ठेवतात? माळ्यावर चार कारागीर, गोदामात तीन पोरं, हातठेल्यावर दोघं. म्हणजे व्याख्येत मजूर आला आणि दुकान बाहेर राहिलं.

आता याच नागपुरातून कोणी दुबईला गवंडीकामाला निघाला, तर काय होतं पाहा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टला आखातासह १८ देशांसाठी परवानगीचा शिक्का लागतो. १९८३च्या उत्प्रवास कायद्याने एजंटाला परवाना हवा आणि त्याने सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरचा कर, याहून जास्त घ्यायचं नाही. करार सरकारी पोर्टलवर नोंदला जातो, आणि दोन वर्षांच्या २७५ रुपयांच्या हप्त्यात १० लाखांचा विमा सक्तीचा असतो. तिथेही फसवणूक होते, पासपोर्ट काढून घेतले जातात, एजंट लाखभर उकळतात. तरी कागद असतो, आणि कागद घेऊन दूतावासात जाता येतं. राजनांदगावहून इतवारीला येणाऱ्यासाठी ना दूतावास, ना शिक्का. देशातल्या देशात हिंडण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेने दिलंय, तेव्हा शिक्का नसावा हेच योग्य. पण विमा नसावा, हे कुठे लिहिलंय?

काही राज्यांनी आपल्या परीने वाटा शोधल्या. केरळने २०१७ साली 'आवाज' नावाची विमा योजना काढली, ती खास बाहेरून आलेल्या मजुरांसाठी, सुरुवातीला उपचाराला १५,००० आणि अपघाती मृत्यूला २ लाख. तिथे त्यांना अतिथी कामगार म्हणतात, आणि पालक्कड जिल्ह्यातल्या कंजिकोडला त्यांच्यासाठी सरकारी वसतिगृहही आहे. ओडिशा आणि तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाने वीटभट्टी मजुरांसाठी २०१२ साली आपसांत करार केला, दोन देश करतात तसा. छत्तीसगडच्या ग्रामपंचायतींत 'पलायन पंजी' असते. गावातून कोण, कुठे, कोणाबरोबर गेलं हे त्यात लिहायचं. म्हणजे गाव सुटतं तिथे एक वही आहे. पण तिचं पान नागपुरात कोणी उलगडत नाही. महाराष्ट्रात ऊसतोड्यांच्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते दाखवलं की नव्या गावच्या शाळेत मूल बसवता येतं. तोच कागद छत्तीसगडच्या शाळेने दिला तर नागपूर महापालिकेची शाळा तो घेईल, एवढी साधी बोलणी दोन राज्यांना जड जाऊ नयेत.

आपणही काही नुसते घेणारे नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरची माणसं हिवाळ्यात मिरचीच्या तोडणीला तेलंगणात जातात. ती खम्ममच्या बाजूला 'बाहेरची' असतात. २०२०च्या एप्रिलमध्ये तीही चालत परतली, काही गोदावरी-प्राणहिता ओलांडून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच मध्य प्रांतातून गोंड, पनिका आणि इतर माणसं आसामच्या चहामळ्यांत नेली गेली. त्यासाठी तेव्हाही खास कायदे होते आणि भरतीची रजिस्टरंही होती. ती रजिस्टरं पळून गेलेला मजूर पकडायला फार कामी येत. वही आहे म्हणून माणूस सुरक्षित असतो असं नाही. ती कोण लिहितो आणि कोणासाठी, यावरही सगळं अवलंबून असतं.

म्हणून मला इतवारीतली सगळ्यात छोटी वही महत्त्वाची वाटते. मुहूर्ताच्या लाल वह्या विकतात त्याच दुकानात खिशात मावणाऱ्या डायऱ्याही मिळतात, दहा-वीस रुपयांना. ठिय्यावरचे बरेच जण ती वापरतात. मध्यंतरी एका रेजाने मला तिची दाखवली. ती शाळेत गेलेली नाही, डायरी मुलगी लिहून देते. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला आडवी, खाड्याला टिंब. उचल घेतली त्या तारखेला गोल आणि आत रक्कम. दोन महिन्यांचा हिशेब चोख होता. अकरा दिवसांची मजुरी एकाकडे अडकली होती आणि तो आता फोन उचलत नव्हता. कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो, असं मी सांगितलं. रेघा मोजून रक्कमही काढली. मग अर्जाचा पहिलाच रकाना आला : मालकाचं नाव व पूर्ण पत्ता.

तिने मुलीकडे पाहिलं, मुलीने डायरी उलटवली. त्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'काली बुलेटवाला'.